माघात बी, चैत्रात पंगत

आमच्याकडे वसंत फार थांबत नाही. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत निघून जाते, होळीपर्यंत दुपारी गच्चीवर अनवाणी चालवत नाही, आणि पाडव्याला कडुनिंबाचा फुलोरा तोडायला निघावं तर सकाळी नऊलाच ऊन डोक्यावर आलेलं असतं. पुढे एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो आणि जळगाव-भुसावळचं नाव रोजच्या बातम्यांत यायला लागतं. पुण्या-नाशिकच्या मैत्रिणी ‘वसंतात बाग फुलते’ म्हणतात तेव्हा मी मान हलवते. आमची बाग त्या काळात फुलते खरी, पण घड्याळ लावून.

म्हणून खान्देशात उन्हाळ्याच्या तोंडावर बाग करायची तर ‘काय लावू?’ इथून सुरुवात करून भागत नाही. कोणाला, कोणत्या दिवशी, काय वाढायचं आहे ते आधी ठरवायचं आणि तिथून दिवस उलटे मोजत यायचे. अमळनेरच्या आमच्या गच्चीवर तो दिवस ठरलेला आहे, चैत्र पौर्णिमा. त्या दिवशी हनुमान जयंती असते, गावोगावच्या भंडाऱ्यांत वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी शिजत असते, त्यामुळे जिभेला वेगळं निमंत्रण लागत नाही. रात्री चांदणं, संध्याकाळी पाणी मारून गार केलेली गच्ची, आणि भिशीच्या मैत्रिणी घरच्यांसकट मिळून बारा पानं.

माघी पौर्णिमेपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत साधारण ५९ दिवस असतात. वेलभाज्यांना लागतो नेमका तेवढाच वेळ. २०२६ मध्ये माघी पौर्णिमा १ फेब्रुवारीला होती आणि हनुमान जयंती २ एप्रिलला. २०२४ मध्ये मात्र त्या २४ फेब्रुवारी आणि २३ एप्रिलला आल्या. पौर्णिमा अशी उशिरा आली की मी पेरणी आठवडाभर आधी उरकते, कारण तेव्हा शेवटचे पंधरा दिवस फार कडक जातात.

आधी पान, मग कुंडी

माझं पान असं असतं: बट्टी, घट्ट वरण, तूप, घोटलेली वांग्याची भाजी, गिलक्याची म्हणजे घोसाळ्याची भजी, पोकळ्याची म्हणजे माठासारख्या पाल्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, मिरचीचा ठेचा, पुदिन्याचा मठ्ठा, कच्च्या बिबड्या (ज्वारीचे पापड) तेल-शेंगदाण्यांबरोबर. यातलं गच्चीवर काय पिकवायचं? माझा नियम सोपा आहे. तोडल्यापासून तासाभरात ज्याची चव उतरते ते घरी लावायचं. बाकीचं बाजारातून आणायचं.

कांदा, तूरडाळ, वांगी बाजारातून. वांग्यावरून माझे वाद होतात. खान्देशातली आणि वांगं लावलं नाही? नाही लावत. भरताच्या वांग्याला भारी जमीन आणि थंडी लागते. बामणोदची वांगी ती बामणोदचीच, जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते काही उगाच नाही. उन्हाळ्यात कुंडीतलं वांगं बियांनी भरतं, शेंडेअळी त्याच्यावर तुटून पडते आणि हाती येतं ते कडवट. भरताची शेवटची पार्टी महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी शेतात करून घ्यावी, कपाशीच्या काड्यांवर भाजून, लाकडी बडगीत ठेचून, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर. मग पुढच्या थंडीपर्यंत तो विषय बंद.

भेंडीही पंगतीसाठी धरू नका. हा हिशेब मला दोन वर्षांनी कळला. एक झाड साधारण दिवसाआड एक भेंडी देतं. बारा झाडं लावली तरी एका तोडणीत जेमतेम १५० ग्रॅम निघते, तेवढ्यात बारा माणसांपुढे काय ठेवणार? घरच्या डब्यापुरती मात्र सहा-सात झाडं जरूर लावा. रात्रभर भिजवलेलं ‘परभणी क्रांती’चं बी घ्या, पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग तिच्यावर कमी येतो.

बारा पानांसाठी मी लावते ते असं. गिलक्याचे चार वेल, काकडीचे चार, मिरचीची चार रोपं, कोथिंबिरीचा एक क्रेट, पोकळ्याचे दोन आणि पुदिन्याचा एक. भज्यांना दीड किलो गिलकी लागतात, म्हणजे कोवळी दहा-बारा. एका वेलावर एका वेळी तीनच काढणीला येतात असं धरलं की चार वेल हवेतच.

पेरणीचे दिवस मी सणांना बांधले आहेत, मग वहीत बघावं लागत नाही. माघी पौर्णिमेला गिलकी. त्यानंतर आठवड्याने काकडी, ती पन्नास दिवसांत भरात येते. महाशिवरात्रीला कोथिंबीर, तिला तिथून पंचेचाळीस दिवस मिळतात. होळीला पोकळा, तो महिन्याभरात कापायला येतो आणि त्याला ऊन आवडतं. मिरची बियांपासून करत बसू नका, माघात रोपवाटिकेतून बोटभर उंचीची, खोड जाड झालेली रोपं आणा.

काळ्या मातीचा माज

पहिल्या वर्षी मी भावाच्या शेतातून चार गोण्या काळी माती आणली. कसदार, कपाशीची, मळली तर लोण्यासारखी. तशीच्या तशी ड्रममध्ये भरली. फाल्गुनात तिची वीट झाली. पाणी घातलं की माती आणि ड्रम यांच्यामधल्या फटीतून सरळ खाली, मधला गोळा कोरडाच. सासूबाईंनी काठीने ठोकून बघितलं आणि म्हणाल्या, “हाई काय शे व माय, घर बांधतीस का?”

काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की आकसते. शेतात ती खोल असते म्हणून ओल धरून ठेवते, पण कुंडीत तेच भेगाळणं मुळं तोडतं. म्हणून तिचा वाटा एक तृतीयांशाच्या वर जाऊ द्यायचा नाही. एक टोपलं काळी माती, एक टोपलं पूर्ण कुजलेलं शेणखत, आणि एक टोपल्यात अर्धी जाड वाळू नि अर्धा भिजवून पिळलेला नारळाचा भुसा. यात टोपल्यामागे दोन मुठी निंबोळी पेंड.

शेणखत कुजलंय का हे हाताने ओळखा. मुठीत घेतलं तर गार लागलं पाहिजे आणि वास पहिल्या पावसाच्या मातीचा यायला हवा. गरम लागलं, शेणाचा वास आला, आत पांढऱ्या अळ्या दिसल्या, तर ते परत ढिगावर. कच्च्या खतातून हुमणी आली की वेल एका दिवसात मान टाकतो आणि कारण आठवड्याने कळतं.

लागवडीच्या पिशवीच्या (ग्रो बॅगच्या) तळाशी मी केळीच्या खांबाचे वाळलेले तुकडे चार बोटं थर करून घालते. रावेर-यावल पट्ट्यात घड उतरवल्यावर खांब बांधावर पडलेले असतात, कोणीही देतं. ताजे मात्र घालू नका. चिरून आठ-दहा दिवस उन्हात पसरा, मग घाला. हा थर स्पंजासारखा पाणी धरतो आणि हळूहळू कुजून खतही होतो.

भांड्यांबद्दल थोडक्यात. गिलक्याला १५ बाय १५ इंचाची पिशवी, म्हणजे जवळपास ४० लिटर माती, त्यात एकच वेल. काकडी आणि मिरचीला १२ बाय १२. पालेभाज्यांना फळबाजारातले प्लास्टिकचे क्रेट, आतून गोणपाट लावून. तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे दिसायला सोयीचे, पण उन्हात तापून मुळं शिजवतात. वापरायचेच तर बाहेरून गोणपाट गुंडाळा. पिशवी शक्यतो पांढरी घ्या आणि सगळं विटांवर ठेवा, स्लॅबचा ताप थेट मुळांना लागू देऊ नका. आणखी एक, ओली झालेली मोठी पिशवी पन्नास-साठ किलोपर्यंत भरते. अशा पिशव्या भिंतीच्या किंवा बीमच्या वर ओळीने ठेवायच्या, गच्चीच्या मधोमध नाही.

बी जागं करणं

माघात दिवसा ऊन उबदार वाटतं, पण रात्री अजून गारठा असतो, आणि वेलभाज्यांच्या बियांना तो सोसत नाही. थेट मातीत टोचलं तर बी पंधरा-पंधरा दिवस निपचित पडतं, कधी कुजतंही. म्हणून ते घरातच जागं करायचं.

गिलक्याचं बी टणक असतं. २४ तास कोमट पाण्यात भिजवा, तरंगलेलं काढून टाका, उरलेलं ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळून ओट्यावर उबेच्या कोपऱ्यात ठेवा. मी पिठाच्या डब्यामागे ठेवते. तीन-चार दिवसांत पांढरं टोक दिसतं. टोक गव्हाच्या दाण्याएवढं झालं की दुधाच्या धुतलेल्या पिशवीत माती भरून, टोक खाली करून, बोटाच्या एका पेराएवढं खोल लावा. रात्री वर प्लास्टिक झाका, सकाळी काढा. दोन खरी पानं आली की मातीच्या गोळ्यासकट मोठ्या पिशवीत. मूळ दुखावलं की हे वेल रुसतात, म्हणून पिशवी ब्लेडने चिरा, रोप ओढू नका. काकडीचंही असंच, फक्त भिजवायला सहा तास पुरतात.

वाण विचाराल तर गिलक्यात ‘पुसा चिकनी’ आणि काकडीत राहुरी विद्यापीठाची ‘हिमांगी’ मला बऱ्या वाटतात. हिमांगी पांढरट हिरवी, कडवटपणा कमी. बियाणं कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करून घ्या. जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबादला केंद्रं आहेत, धुळे-नंदुरबारलाही आहेत. संकरित बी जास्त फळ देतं, पण पुढच्या वर्षी त्याचं घरचं बी धरता येत नाही, आणि वाटावाटीची अर्धी मजा तर बियांतच आहे.

धने अख्खे पेरू नका. पोळपाटावर ठेवून लाटण्याने हलकेच दाबा, प्रत्येक धन्याचे दोन भाग व्हायला हवेत. पीठ होता कामा नये. रात्रभर भिजवून पेरा. पोकळ्याचं बी खसखशीसारखं बारीक असतं, ते मूठभर वाळूत मिसळून फेकलं की सारखं पडतं.

मांडव कुठे

या एका गोष्टीवर सगळी बाग तरते, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

दुपारी तीनचं ऊन पश्चिमेकडून येतं आणि खरा मार तेच देतं. सकाळचं ऊन कितीही लागू द्या. म्हणून गिलक्याच्या चारही पिशव्या गच्चीच्या पश्चिम कठड्याला लावायच्या आणि मांडव उभा, भिंतीसारखा बांधायचा. दोन टोकांना साडेसहा फुटी बांबू, कठड्याला तारेने घट्ट, मध्ये सुतळीची वीतभर चौकोनांची जाळी. फाल्गुन संपता संपता त्या जाळीवर पानांची भिंत तयार होते आणि तिच्या पूर्वेला, सावलीत, कोथिंबीर, पुदिना, पोकळा, मिरची. गिलक्याचं पान रुंद असतं, ते स्वतः ऊन खातं आणि खालच्यांना वाचवतं. पंगतही मी त्याच सावलीच्या बाजूला मांडते, तिथला स्लॅब लवकर निवतो.

वेल भिंत धरेपर्यंत आणि पाडव्यानंतरच्या कडक दुपारी जुन्या सुती साड्या कामाला येतात. बारा ते साडेचार ताणून बांधायच्या आणि ऊन कललं की सोडायच्या. हिरवी जाळी घ्यायचीच असेल तर पन्नास टक्के सावलीची घ्या. त्याहून दाट घेतली की वेल नुसते लांबत जातात, फूल धरत नाहीत.

आणि बांबू घट्ट बांधा. फाल्गुन-चैत्रात संध्याकाळी वावधान, म्हणजे वादळी वारं, सुटतं. आमचा अख्खा मांडव एकदा शेजारच्या गच्चीवर जाऊन बसला होता, फळांसकट. शेजारच्या वहिनींनी तीन गिलकी ठेवून घेऊन बाकीचा मांडव परत दिला.

होळीला हजेरी

होळी म्हणजे अर्धी वाट. त्या आठवड्यात एक सकाळ बागेला द्यायची. पिशवीत दोन रोपं ठेवली असतील तर कमजोर रोप कात्रीने बुडातून कापा, उपटू नका. वेल जाळीच्या माथ्याला पोचला असेल तर शेंडा खुडा म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात, आणि मादी फुलं बहुतेक त्यांच्यावरच येतात. प्रत्येक पिशवीला दोन मुठी गांडूळखत घालून वर आच्छादन करा. गव्हाचं काड, उसाचं पाचट, तुरीचा पाला, शेंगदाण्याची टरफलं, घरात जे असेल ते दोन-तीन इंच. आच्छादनावाचून चैत्रात पाणी टिकत नाही.

जीवामृत घरी करता येतं. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो देशी गाईचं ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत झाकून ठेवा, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा. तीन-चार दिवसांनी दहापट पाण्यात मिसळून बुडाशी घाला आणि आठवड्याच्या आत संपवा.

होळीची राख मात्र कुंडीत टाकू नका. कोकणातल्या आंबट मातीला ती मानवत असेल. आपली काळी माती आधीच चुनखडीची, त्यात राख म्हणजे आणखी खार. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर समजा की मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाहीये. राख भांडी घासायला ठेवा. धुळवडीला पोरं गच्चीवर येणार असतील तर क्रेटवर चादरी टाका.

किडीचं बघायचं तर रोज पान उलटून बघायची सवय पुरे. मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा. पांढरी माशी किंवा तुडतुडे दिसले तर निंबोळी अर्क. गेल्या ज्येष्ठ-आषाढात वेचून वाळवलेल्या निंबोळ्या कुटून, लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम, रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारा. फळमाशी गिलक्याला कोवळेपणीच डंख मारते आणि फळ वाकडं होऊन सडतं. त्यावर वर्तमानपत्राची पिशवी हा सगळ्यात स्वस्त उपाय: फळ बोटाएवढं झालं की चढवायची, देठाला दोरा.

फुलांची सोयरीक

वेलाला आधी पंधरा दिवस नुसती नर फुलं येतात आणि गळतात. दर वर्षी भिशीतली कोणीतरी घाबरून फोन करते. घाबरू नका, मादी फुलं मागून येतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं गिलकं किंवा काकडी दिसते, नर फुलाच्या मागे नुसता देठ.

गच्चीवर मधमाश्या कमी फिरकतात, म्हणून परागीभवन हाताने करावं लागतं. गिलक्याचं आणि काकडीचं फूल सकाळी उमलतं, काम आठ-नऊच्या आत उरकायचं. दोडका लावला असेल तर मात्र संध्याकाळी जा, त्याची फुलं दिवस कलल्यावर उघडतात, दुधीचीही तशीच. मी एक वर्ष दोडक्याची बंद फुलं रोज सकाळी बघून बियाण्याला नावं ठेवत होते. कृती एवढीच की ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, पिवळी पूड मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायची. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. जवळ तुळस फुललेली ठेवा, माश्यांना यायला निमित्त.

आता इथून पुन्हा उलटं मोजा. परागीभवनानंतर काकडी किंवा गिलकं कोवळं काढायला आठ ते दहा दिवस लागतात. म्हणजे पौर्णिमेच्या आधी बारा ते आठ दिवस या काळात जमेल तेवढी फुलं हाताने लावायची, आणि त्याआधीची सगळी फळं वेळच्या वेळी तोडत राहायचं. वेलावर एखादं फळ जून झालं की वेल नवीन धरत नाही.

पाणी

नळ दोन-तीन दिवसांआड येणाऱ्या गावात हा सगळा उपद्व्याप कशाला, हे मी घरात ऐकलेलं आहे. पाडव्यानंतर माझ्या एवढ्या बागेला रोज तीस लिटरच्या आसपास पाणी लागतं. गिलक्याच्या पिशवीला चार लिटर, काकडीला दोन, क्रेटला दीड-दोन. यातलं तिसरा हिस्सा तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी असतं. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून फेकलं जाणारं पाणी मात्र झाडांना देऊ नका, त्यात क्षार गोळा झालेले असतात, ते फरशी पुसायला ठीक.

गिलक्याच्या प्रत्येक पिशवीत मी दीड-दोन लिटरचं भाजक्या मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरते, भरून वर झाकणी. ते झिरपत राहतं आणि मुळं त्याला मिठी मारून बसतात. मडकं नवं घ्या. जुन्या माठाची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, त्यातून थेंबही बाहेर येत नाही. पाणी सूर्य उगवायच्या आधी, आणि चैत्रात सूर्य मावळल्यावर थोडं. भर दुपारी तापलेल्या पाइपातलं पहिलं पाणी कधीही मुळाशी सोडू नका, ते कढत असतं.

पाणी एक दिवस चुकलं की काकडी कडू होते. म्हणून तोडलेल्या प्रत्येक काकडीचा, गिलक्याचा एक तुकडा चाखा. कडू लागला तर ते फळ टाकून द्या, मीठ लावून दडपू नका. कडू दुधी-गिलक्यांनी माणसं आजारी पडतात.

पंगत

आदल्या दिवशी दही लावायचं, बट्टीचं पीठ मोजून ठेवायचं, पुदिना-कोथिंबिरीला मुबलक पाणी द्यायचं. काकड्या त्या दिवशी पहाटे तोडायच्या आणि ओल्या फडक्यात माठाशेजारी ठेवायच्या. गिलकी संध्याकाळी, तेल तापायला ठेवल्यावर. फ्रिजमधल्या गिलक्याची भजी आणि वेलावरून आलेल्याची भजी यांत फरक काय हे ज्याने खाल्लंय त्याला सांगावं लागत नाही.

बारा जणांच्या बट्टीला सव्वा किलो जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ आणि पाव किलो मक्याचं. त्यात दोन चमचे ओवा, हळद, मीठ, सोड्याची चिमूट आणि वाटीभर कडकडीत तेलाचं मोहन. घट्ट मळून अर्धा तास झाका. मनगटाएवढे जाड रोल वळा, तेलाचा हात लावा, वीस-पंचवीस मिनिटं वाफवा, सुरी स्वच्छ बाहेर आली की झालं. पूर्ण गार होऊ द्या. गरम कापले की भुगा होतो, आणि घाईने दर वर्षी कोणीतरी कापतंच. मग तुकडे करून मध्यम आचेवर खरपूस तळा. गोवऱ्यांवर भाजलेली बट्टी याहून चांगली, पण गच्चीवर गोवऱ्या पेटवल्या तर कपडे वाळत घातलेल्या शेजारणी बोलणार.

तूरडाळ सहाशे ग्रॅम, हळद-हिंग घालून मऊ शिजवलेली, वरण घट्टच राहू द्या. वांगी दोन किलो, दाणे, सुकं खोबरं, लसूण, हिरवी मिरची लावून शिजवून घोटायची. ही वांगी चिरणं मी कधी एकटी करत नाही. पाहुण्यांना काम सांगायला लाजू नका. एक जण वांगी घेऊन येते, दुसरी बिबड्या, तिसरीच्या अंगणात आंबा आहे म्हणून पन्ह्याच्या कैऱ्या तिच्याकडून, पुरुषमंडळी मठ्ठा घुसळतात आणि सतरंज्या अंथरतात. सगळं आपणच केलं की पंगतीत बसायला आपल्याकडे ताकद उरत नाही. काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, मीठ अगदी वाढताना, नाहीतर पाणी सुटतं.

पोरांना कात्री देऊन पोकळा कापायला पाठवायचं, बुडापासून दोन बोटं ठेवून. पुन्हा फुटतो. वेलावरचं गिलकं पहिल्यांदा स्वतःच्या हाताने तोडणारं पोर त्या रात्री ते खातंच, एरवी ताटात ढकलून ठेवत असलं तरी.

जाताना प्रत्येकीच्या हातात पुदिन्याच्या चार काड्या, दुधाच्या पिशवीत लावलेल्या. या काड्या आठ दिवस आधीच तयार करून ठेवायच्या, म्हणजे मूळ धरलेलं असतं.

आखाजीपर्यंत

पंगत झाली म्हणून वेल काढू नका. पौर्णिमेनंतर सतरा-अठरा दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. माहेरवाशिणी येतात, गौराई बसते, झोके बांधले जातात, घागर भरून तिच्यावर डांगर (खरबूज) आणि सांजोरी ठेवतात. त्या चार दिवसांत घरात दुप्पट माणसं असतात आणि आमरस-पुरणपोळीच्या जोडीला काहीतरी तळलेलं लागतंच. पंगतीच्या दुसऱ्या दिवशी एकदा जीवामृत, पिवळी पानं काढून टाकणं आणि सकाळची सोयरीक चालू ठेवणं, एवढ्यावर गिलकी आखाजी गाठतात. काकडी बहुतेक गाठत नाही, ती उन्हाला आधी शरण जाते. तिच्या पिशव्यांत मग पोकळाच पेरते.

एक गिलकं मात्र वेलावर मुद्दाम विसरायचं, सगळ्यात सरळ आणि मोठं असलेलं, बुडाकडचं. त्याच्या देठाला लाल दोरा बांधा, नाहीतर कोणीतरी भज्यांत घालतं. ज्येष्ठात ते तपकिरी, हलकं होतं. सासूबाई रोज जाऊन कानाशी धरून हलवतात. खुळखुळलं की साल सोलून, टोक कापून, परातीत झटकायचं. काळं बी आम्ही भिशीच्या दिवशी कागदाच्या पुड्यांत वाटतो, आणि गिलक्यातल्या अंग घासायच्या जाळीचे दोन तुकडे करतो. एक न्हाणीघरात लटकतो. दुसरा कोणाला द्यायचा यावर मैत्रिणींत भांडण होतं.